बाणाला बांधलेली गारगोटी

दोस्तांनो, लाडवांसाठी पाक करताना आई तो दोन बोटांत धरून बघते ना? बोटं लांब केली की मध्ये बारीक तार निघते. तापलेल्या काचेचंही असंच. मऊ झाली की फुंकून फुगा करा, नाहीतर ओढून तार काढा. आज अशी तार काढणाऱ्या एका अवलियाची गोष्ट. हिंगोलीच्या वाचकांनो, नीट ऐका हं, शेवटी तुमच्याकडेच यायचंय!

चार्ल्स बॉइज. जन्म १८५५. लंडनच्या एका कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याला एक इवलीशी दांडी धाग्याला टांगून फार नाजूक मोजमापं करायची होती. पण रेशमाचा धागा हवेतल्या ओलाव्यानं बिघडे. काचेचा धागा पिळून सोडला की पूर्वीच्या जागी नेमका परत येईना. मग त्यानं घेतली गारगोटी, आपल्या शेतात सापडते ना, तीच! पण ती वितळायला भयंकर उष्णता लागते आणि वितळली तरी हातानं पुरेशा वेगानं ओढता येत नाही.

मग पठ्ठ्यानं काय केलं? छोटं धनुष्य बनवलं. बाण गवताच्या काडीचा. त्याच्या शेपटाला वितळलेली गारगोटी चिकटवली आणि दिला सोडून! सूं करून बाण गेला नि मागं राहिला केसाहून कितीतरी बारीक धागा. हे साल १८८७. वर्गात कोणी असं केलं असतं तर बाकावर उभं राहावं लागलं असतं!

अशाच धाग्याला त्यानं सोन्याच्या चिमुकल्या गोळ्या टांगल्या. शेजारच्या शिशाच्या गोळ्यांकडे त्या किती ओढल्या जातात, हे ऑक्सफर्डच्या एका तळघरात रात्री-रात्री जागून मोजलं. १८९५ साली प्रसिद्ध झालेलं त्याचं उत्तर आजच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. हाच बॉइज मुलांना साबणाच्या फुग्यांवर व्याख्यानंही द्यायचा. मला तर तो त्यामुळेच जास्त आवडतो.

आता चला औंढा नागनाथजवळ. तिथं 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. दूर अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहरी उठतात, त्या पकडायच्या. अमेरिकेतल्या लायगोनं २०१५ मध्ये पहिल्यांदा पकडल्या. तिथले आरसे ४० किलोचे. प्रत्येक आरसा टांगलाय चार धाग्यांवर, आणि धागे आहेत गारगोटीच्याच जातीच्या शुद्ध काचेचे! जाडी ०.४ मिलिमीटर. लाकडावर टकटक केलं तर आवाज लगेच विरतो, घंटेचा मात्र घुमत राहतो. हा धागा घंटेच्या जातीचा. त्याची थरथर त्याच्या ठरलेल्या सुरातच राहते, बाकी सूर लहरींसाठी मोकळे. धातूची तार इतकी शहाणी नसते.

पण एवढा भार पेलणारा धागा धुळीच्या कणापुढे हरतो. इटलीतल्या 'व्हर्गो' वेधशाळेत असे धागे पुन्हापुन्हा तुटले. शोधता शोधता चोर सापडला, तो धुळीचा कण! कण आदळला की ओरखडा पडे आणि तिथूनच धागा तडके. २०१७ मध्ये त्यांना काही काळ पोलादी तारांवर भागवावं लागलं.

म्हणून हे धागे हाताळणारे कारागीर फक्त टोकाचा जाड भाग धरतात. मधल्या भागाला बोटसुद्धा लावत नाहीत. औंढ्याचे आरसेही अशाच धाग्यांवर टांगायचे आहेत. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते, हे तुम्हाला मी काय सांगू!