चार पर्यायांत चिनी भाषा मावेल काय?

शिकवण्यापेक्षा परीक्षा घेणे सोपे, आणि परीक्षा घेण्यापेक्षा ती यंत्राकरवी घेवविणे अधिक सोपे, हे ज्या दिवशी शिक्षणव्यवहाराला उमगले, त्या दिवसापासून भाषेच्या अध्ययनावर एक निराळेच संकट ओढवले आहे. चिनी भाषेतील कोणताही उतारा संगणकाच्या हवाली करावा आणि चहाचा पेला रिता होण्यापूर्वी शे-दोनशे बहुपर्यायी प्रश्न हाती यावेत, अशी सोय आज झाली आहे. या सोयीचे पोवाडे गाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या सुरात सूर मिसळणे आम्हांस शक्य नाही. आमचा विरोध यंत्राला नाही. कोणाही जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालून न गेलेले यंत्ररचित प्रश्न विद्यार्थ्याच्या यशापयशाचा निवाडा करू लागतात, त्याला आहे.

मराठी वाङ्मयाच्या या पत्रिकेत चिनी भाषेची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की चिनी भाषेशी मराठी माणसाचा संबंध आजचा नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकासमवेत चीनमध्ये गेले, ती भाषा शिकले, आणि १९४२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाच्या चिनी अवताराची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना करून १९३७ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. कोटणीसांना जखमी सैनिकाचे बोलणे समजून घ्यायचे होते, बापटांना एका लुप्त पाली ग्रंथाचा चिनी भाषेतून शोध घ्यायचा होता. दोघांच्याही पुढे कोणी चार पर्याय मांडून ठेवलेले नव्हते. भाषा कशासाठी शिकायची असते, याचे याहून स्वच्छ उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

आता हे यंत्र काय करते ते पाहू. प्रथम ते एक वाक्य निवडते. मग त्यातील एक शब्द काढून तेथे रिकामी जागा सोडते. शेवटी मूळ शब्दाच्या जोडीला तीन चुकीचे शब्द उभे करते. या तीन शब्दांना आपण 'चकवे' म्हणू. पहिल्या दोन पायऱ्या तुलनेने सोप्या आहेत. प्रश्नाचे सारे सत्त्व चकव्यांत असते, आणि यंत्राची फजिती मुख्यतः तेथेच होते.

परंतु चिनी भाषेत पहिल्या पायरीवरही ठेच लागते. चिनी लिपीत शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नाही, अक्षरे सलग लिहिली जातात. तेव्हा कोणता शब्द कोठे संपला हे यंत्राने स्वतःच ठरवायचे असते. 'फिंगफांग छ्यू फाइ माइ वान ल' हे एक प्रसिद्ध वाक्य आहे. 'छ्यू-फाइ' हा एक शब्द धरला तर अर्थ होतो, टेबल-टेनिसच्या बॅटी विकून संपल्या. 'फाइ-माइ' हा एक शब्द धरला तर अर्थ होतो, टेबल-टेनिसच्या चेंडूंचा लिलाव पार पडला. अक्षरे तीच, क्रम तोच, अर्थ दोन. दुकानात उभा असलेला माणूस क्षणात निवाडा करील, कारण त्याला प्रसंग दिसतो. यंत्राला उताऱ्यातून उपटून काढलेले एकटे वाक्य दिले तर तो निवाडा त्याने कशाच्या आधारे करावा? आणि त्याने चुकीच्या ठिकाणी शब्द तोडून जागा गाळली तर त्या जागेचे खापर विद्यार्थ्याच्या माथी का?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. चिनी भाषेत संख्या आणि नाम यांच्यामध्ये गणनाशब्द घालावा लागतो. आपण 'भाजीची एक जुडी', 'दोन जण' म्हणतो, तसलाच हा प्रकार, पण तेथे तो जवळजवळ सर्वत्र सक्तीचा आहे. पुस्तकाला निराळा शब्द, कागदाला निराळा, लांबट वस्तूला निराळा. कुत्र्याला मात्र दोन शब्द चालतात. लांबट वस्तूंचा 'थ्याव' हा शब्द चालतो आणि प्राण्यांचा 'च़' हाही चालतो. आता यंत्राला उताऱ्यात 'थ्याव' असलेले वाक्य सापडले. त्याने 'थ्याव' गाळला आणि गणनाशब्दांच्या यादीतून 'च़' हा चकवा म्हणून उचलला. ज्या विद्यार्थ्याने बोलीभाषा कान देऊन ऐकली आहे तो निःशंकपणे 'च़' निवडतो आणि शून्य गुण घेऊन घरी जातो. ज्याने तो उतारा तेवढा घोकला आहे त्याला पूर्ण गुण. हा प्रश्न भाषेची परीक्षा घेत नाही. लेखकाने त्या दिवशी कोणता शब्द योजला होता, एवढेच तो विचारतो.

येथे या पद्धतीतील मूलभूत पेच उघड होतो. चकवा मूळ शब्दापासून फार दूरचा असला तर प्रश्न पोरकट होतो, आणि फार जवळचा असला तर तोही बरोबर ठरतो. २०१३ च्या सुमारापासून शब्दांची जवळीक गणिताने मोजण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आणि चकवे शोधण्याचे काम झपाट्याने होऊ लागले. परंतु त्या पद्धती सांगतात एवढेच की हे दोन शब्द सारख्या परिसरात आढळतात. या विशिष्ट वाक्यात दुसरा शब्द चुकीचा का, हे त्या सांगत नाहीत. त्यानंतरच्या, मानवासारखे लिहिणाऱ्या प्रणाली विचारल्यास कारणही सांगतात, आणि बहुधा ते पटण्याजोगे असते. पण खोटे कारणही त्या तितक्याच ठामपणे सांगतात, आणि खरे-खोटे ओळखण्यासाठी पुन्हा चिनी जाणणारा माणूसच लागतो.

यंत्राचे सारेच चकवे टाकाऊ असतात असे आम्ही म्हणत नाही. 'दोन' या अर्थी चिनीत 'अर्' आणि 'ल्यांग' असे दोन शब्द आहेत, आणि 'दोन माणसे' म्हणताना 'ल्यांग'च योजावा लागतो. तेथे 'अर्' हा उत्तम चकवा आहे, कारण त्याच्या चुकीमागे नियम आहे. 'येथे असणे' आणि 'पुन्हा' या अर्थांची दोन निरनिराळी अक्षरे 'त्साय' अशीच, एकाच सुरात उच्चारली जातात. लेखी परीक्षेत ती समोरासमोर ठेवणे योग्यच. पण तीच जोडी, संदर्भाचे वाक्य न देता, श्रवणपरीक्षेत ठेवली तर प्रश्नच निरर्थक होतो, कारण कानाला भेद ऐकूच येणार नाही. हा विवेक यादीत सापडत नसतो, तो शिकवून आणि चुकणारी मुले पाहून येतो.

चुकणारी मुले म्हटली म्हणजे त्यांची मातृभाषा आली. चिनी शिकविणाऱ्या साहित्याचा फार मोठा भाग इंग्रजी भाषकांना डोळ्यांपुढे ठेवून घडला आहे. इंग्रजी माणसाला महाप्राण आणि अल्पप्राण यांतला भेद कठीण जातो, तो आपल्या पोरांना 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' यांच्या रूपाने बालपणीच ठाऊक असतो. 'चहा'तला च आणि 'चूल'मधला च यांतील अंतर मराठी जिभेला अंगवळणी आहे, आणि चिनीतही तशाच दोन जातीचे ध्वनी वेगळे ठेवावे लागतात. उलट सुरांचा भेद आपल्याला सर्वस्वी नवा. 'माइ' हा उच्चार तिसऱ्या सुरात केला तर 'विकत घेणे' आणि चौथ्या सुरात केला तर 'विकणे'! व्यापाराला निघालेल्या तरुणाने येथे चूक केली तर काय होईल हे सांगायला नको. तेव्हा मराठी विद्यार्थ्याची प्रश्नपत्रिका सुरांवर भर देणारी हवी. जगातल्या सर्व विद्यार्थ्यांना एकच साचा लावणाऱ्या प्रश्नपेढीला हे कोण सांगणार?

याहून मोठा आक्षेप असा की ओळखणे म्हणजे येणे नव्हे. गाळलेल्या जागा भरण्याच्या पद्धतीला शास्त्रीय रूप दिले ते अमेरिकेतील विल्सन टेलर यांनी, १९५३ साली. त्यांच्या पद्धतीत वाचकाला शब्द स्वतः सुचवावा लागे, पर्याय नसत. गंमत पाहा, गूगलने २०१८ साली प्रसिद्ध केलेली 'बर्ट' ही भाषिक प्रणालीही गाळलेले शब्द ओळखूनच भाषा शिकली, आणि तिलाही चार पर्याय दिलेले नव्हते. आपल्या साऱ्या शब्दभांडारातून तिला तो शब्द शोधावा लागला. यंत्राला जी मेहनत करावी लागली ती विद्यार्थ्याला मात्र माफ! चार पर्यायांच्या चाळीस प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने दहा उत्तरे बरोबर येतात. हे ज्ञान कोणत्या खात्यात जमा करायचे?

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. ते म्हणतात, चिनी लोक स्वतःसुद्धा आज लॅटिन अक्षरांत उच्चार टंकित करतात आणि पडद्यावर आलेल्या अक्षरांतून हवे ते निवडतात, मग निवड हेच खरे कौशल्य नव्हे काय? हा युक्तिवाद चतुर आहे, पण लंगडा आहे. त्या माणसाच्या मनात शब्द आधीच आलेला असतो, पडदा त्याला फक्त त्याचे लेखन पुरवितो. शिवाय या सवयीपायी हातात लेखणी घेतल्यावर अक्षर आठवेनासे होते, ही तक्रार खुद्द चीनमध्ये इतकी जुनी झाली आहे की तिला स्वतंत्र वाक्प्रचार आहे.

दुसरे म्हणणे असे की शिक्षक थोडे, विद्यार्थी फार, आणि यंत्ररचित प्रश्न निदान वस्तुनिष्ठ तरी असतात. शिक्षकांची टंचाई खरी आहे, आणि सरावासाठी यंत्र वापरायला आमची हरकत नाही. पण 'वस्तुनिष्ठ' या शब्दाने आजवर पुष्कळांना फसविले आहे. वस्तुनिष्ठ असते ती तपासणी. प्रश्न कोणता, उत्तर कोणते, हे ठरविणे वस्तुनिष्ठ कधीच नव्हते. पूर्वी ते ठरविणाऱ्याला नाव असे, त्याला जाब विचारता येई. आता तो 'संगणक' या शब्दाआड दडला आहे.

चीनच्याच इतिहासात यासंबंधी धडा आहे. सुमारे तेराशे वर्षे चाललेली तेथील राजसेवा-परीक्षा १९०५ साली बंद झाली. उत्तरकाळात तिच्यात 'आठ पायांचा निबंध' नावाचा ठरीव साचा प्रस्थापित झाला. साचा साधला की विद्वत्ता सिद्ध! त्या साच्याने विद्येची केलेली हानी ग्रंथदहनाहून कमी नाही, अशा आशयाचा अभिप्राय सतराव्या शतकातील विद्वान कू यानवू याने दिला होता. भारतातील स्पर्धापरीक्षांचा उगम ज्या ब्रिटिश व्यवस्थेत आहे, तिच्यावरही चिनी परीक्षेची छाया होती असे अनेक इतिहासकार मानतात. म्हणजे आम्ही आयुष्यभर ज्या सरकारी सेवेत राहिलो तिचेही त्या परंपरेशी दूरचे नाते आहेच. म्हणून साच्याचे मोल आणि साच्याचा धोका, दोन्हींची आम्हांस कल्पना आहे.

कचेरीत एक साधा दंडक असतो. टिपणी कारकून लिहितो, सही अधिकारी करतो, आणि चूक झाली तर जबाब सही करणाराच देतो. प्रश्ननिर्मितीलाही हाच दंडक लावावा. यंत्राने मसुदा करावा, शिक्षकाने तो वाचून नावानिशी मान्य करावा. प्रत्येक चकवा चुकीचा का, हे एका ओळीत लिहिता येत नसेल तर तो प्रश्न रद्द व्हावा. परीक्षेनंतर उत्तरांचे विश्लेषण व्हावे, आणि जो प्रश्न हुशार विद्यार्थी चुकतात व कच्चे विद्यार्थी बरोबर सोडवितात तो पेढीतून बाहेर जावा. निम्मे गुण तरी विद्यार्थ्याने स्वतः बोललेल्या आणि लिहिलेल्या भाषेला असावेत. यंत्राने वाचविलेला शिक्षकाचा वेळ याच कामी लागावा. तो वेळ संस्थेच्या जमाखर्चात काटकसर म्हणून दाखविला जाणार असेल, तर हा सारा खटाटोप विद्यार्थ्यासाठी नव्हता हे निदान मोकळेपणाने मान्य करावे.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांनी या प्रकरणाकडे परका प्रश्न म्हणून पाहू नये. 'त्याला राग …' या वाक्यात 'आला' हे उत्तर धरून 'चढला' हा चकवा ठेवणारे यंत्र उद्या आपल्या नातवंडांपुढेही येईल. आजीच्या तोंडी 'चढला' ऐकलेल्या पोराला ते सांगेल की तुझे मराठी चुकीचे आहे. त्या वेळी त्या पोराची बाजू घेणारा कोणी जाणता मनुष्य परीक्षामंडळात बसलेला असावा, एवढीच आमची मागणी आहे. चिनी शिकणाऱ्यांसाठी ती आज करीत आहोत, कारण त्यांच्यावरची वेळ आधी आली आहे.