मशीन बिघडलंय की पाणी?

पुण्यात वॉशिंग मशीन अडलं की पहिला फोन कंपनीच्या टोल-फ्री नंबरला जातो, दुसरा ओळखीच्या मेकॅनिकला. सोसायटीच्या ऑफिसला मात्र कोणी फोन करत नाही. माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी. नेहमीच्या तक्रारी आठवून पाहा. पाणी भरत नाही, भरलेलं जात नाही, टॉवेल खरखरीत निघतात, ड्रमला वास येतो, स्पिनला मशीन बाल्कनीभर फिरतं. या तक्रारींचं मूळ मोटारीत किंवा सर्किट बोर्डात क्वचित सापडतं. ते सापडतं नळात, टेरेसवरच्या टाकीत, बोअरच्या पाण्यात आणि बिल्डरनं घातलेल्या फरशीत. यंत्र बिचारं आपल्या परीनं ते सांगतही असतं. एलजीच्या यंत्रावर ‘आयई’ उमटलं तर पाणी पुरेसं येत नाही, ‘ओई’ उमटलं तर बाहेर जात नाही. सॅमसंगवर हेच ‘फोर-सी’ आणि ‘फाइव्ह-सी’. स्क्रीनवर अक्षरं दिसली की ‘बोर्ड उडाला’ असं धरून चालण्याची आपल्याला सवय आहे. त्या अक्षरांचा अर्थ बहुतेकदा ‘मी ठीक आहे, नळ बघा’ एवढाच असतो.

पाणी न भरण्यापासून सुरू करू. महापालिका दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबानं पाणी येईल, असं कळवते. ही सूचना पुणेकरांना तोंडपाठ आहे. रिकाम्या पाइपांतून पुन्हा पाणी धावायला लागलं की तळाचा गाळ आणि गंज सोबत निघतो. सोसायटीची टाकी त्यातला बराचसा अडवते, पण सगळा नाही. उरलेला येऊन बसतो मशीनच्या मागच्या बाजूला, इनलेट पाइप जिथे आटे घालून बसवतात तिथल्या जाळीत. ही जाळी अंगठ्याच्या पेराएवढी प्लॅस्टिकची असते. नळ बंद करून, प्लग काढून पाइप सोडवला की ती दिसते आणि पकडीनं हलकेच ओढली की बाहेर येते. बऱ्याच घरांत तिच्यावर तपकिरी चिखलाचा थर असतो आणि त्यात गंजाचे पापुद्रे अडकलेले असतात. जुना टूथब्रश आणि वाहतं पाणी, एवढ्यावर काम भागतं. नळाकडच्या टोकालाही कधी कधी अशीच दुसरी जाळी असते, तीही पाहावी. हेच काम करायला मेकॅनिक येतो तेव्हा व्हिजिट चार्ज लागतो, आणि तो लागणारच; त्याचा वेळ आणि पेट्रोल फुकट नाही.

जाळी स्वच्छ असूनही पाणी भरत नसेल तर प्रश्न दाबाचा असतो. इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. नळाखाली बादली झटकन भरते म्हणजे दाब चांगला आहे, असं आपण समजतो. बादली भरते ती प्रवाहानं. मशीनचा व्हॉल्व्ह उघडतो तो दाबानं. व्हॉल्व्हमधली कॉइल फक्त एक बारीक छिद्र मोकळं करते. त्यामागचा रबरी पडदा उचलायचं काम पाण्याचा दाबच करतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर सुमारे 1 बार दाब मिळतो. टेरेसच्या लगेच खालच्या मजल्यावर ही उंची 3 मीटरच्या आसपास असते, म्हणजे दाब 0.3 बार. बहुतेक फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब 0.3 ते 1 बारच्या दरम्यान कुठे तरी दिलेला असतो. त्यामुळे पाचव्या मजल्यावर उत्तम चालणारं मॉडेल त्याच इमारतीत सगळ्यात वरच्या फ्लॅटमध्ये रुसून बसतं. पडदा बंद व्हायलाही दाबच लागतो, म्हणून अशा घरात कधी कधी बंद मशीनमध्येही थेंब थेंब पाणी साचतं. व्हॉल्व्ह बदलून हे जात नाही. कमी दाबावर चालणारं मॉडेल घेणं किंवा टेरेसच्या टाकीवरून येणाऱ्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवणं, हे दोनच मार्ग आहेत. महापालिकेच्या लाइनला थेट मोटार लावणं हा मार्ग नव्हे. तो शेजाऱ्याचं पाणी ओढणारा आणि कारवाईला पात्र असा उद्योग आहे.

आता खरा विषय, पाण्याचा जडपणा. पुण्याला दोन वेगवेगळी पाणी मिळतात, हे या शहरात घर घेताना कोणी सांगत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतलं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं. दगडावरून वाहून आलेलं, त्यात मुरलेलं नाही, म्हणून हलकं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन वर येतं. 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये 23 गावं महापालिका हद्दीत आली. उंड्री, पिसोळी, वाघोली, सूस, म्हाळुंगे इथे टॉवर आधी उभे राहिले; नळाचं पाणी मागून येत राहिलं, काही ठिकाणी अजून यायचं आहे. तोवर भिस्त बोअर आणि टँकरवर. जिथे पालिकेचं पाणी येतं तिथेही अनेक सोसायट्यांत दोन लाइन असतात. चांगलं पाणी स्वयंपाकघराला, बोअरचं बाथरूम आणि ड्राय बाल्कनीला. मशीन असतं ड्राय बाल्कनीत. म्हणजे घरातलं महागडं यंत्र घरातल्या सगळ्यात जड पाण्यावर चालतं आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600पर्यंत सूट आहे. फ्रंट लोड मशीन एका धुण्याला 60 लिटर पाणी घेतं असं धरा. 600च्या पाण्यातून प्रत्येक खेपेला 36 ग्रॅम क्षार आत जातात. 50च्या पाण्यातून 3 ग्रॅम. सगळे काही आत बसत नाहीत, पण हीटर लावला की त्यांतले बरेच त्याच्या कांडीवर चढतात, आणि थंड पाण्यात धुतलं तरी साबणाशी मिळून चिकट साका होतो. या साक्यापासून पुढची साखळी सुरू होते. टॉवेल खरखरीत झाला, पांढरा शर्ट राखाडी दिसायला लागला, की घरातलं माणूस पावडर वाढवतं. पावडर हातधुलाईची असेल तर फेस मावत नाही. फेस मोडायला मशीन जादा खंगाळणं घेतं, दीड तासाचं काम अडीच तासांवर जातं. न निघालेली पावडर ड्रमच्या मागे आणि दाराच्या रबरात बसते, त्यावर बुरशी धरते, वास येतो. मग ‘मशीन जुनं झालं’ असा निकाल लागतो.

जड पाण्याला थोडी जास्त पावडर लागते, हे पाकिटावरच छापलेलं असतं, मग घरच्यांचं चुकलं कुठे, असं कोणी विचारेल. चुकतं ते अंदाजात. किती जड, हा आकडा माहीत नसताना ‘थोडी जास्त’ म्हणजे किती हे ठरवता येत नाही, आणि मापाच्या जागी मूठ येते. आरओ विकणारा माणूस नळाखाली धरतो ती टीडीएसची पेनही इथे उपयोगी नाही. ती विरघळलेले सगळे क्षार मोजते, त्यात मिठाचाही समावेश होतो; जडपणा वेगळा मोजावा लागतो, त्याचे थेंब टाकून रंग पाहायचे साधे संच मिळतात. आकडा कळला की बाकीचं सोपं आहे. मशीनसाठी बनवलेली कमी फेसाची पावडर मापानं घालावी, धुणं झाल्यावर दार उघडं ठेवावं, रबराची घडी फडक्यानं पुसावी, महिन्याकाठी एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवावं. क्षार काढायला कंपनीची पावडर किंवा किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चालतं. मात्र त्याच खेपेला ब्लीच अजिबात घालू नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ड्राय बाल्कनी ही काही मोकळी जागा नव्हे. पाइपभोवती गुंडाळायचे चुंबकही विकले जातात. ते लावल्यावर जडपणाचा आकडा होता तेवढाच राहतो, यापलीकडे त्यांच्यावर शाई घालवायची इच्छा नाही.

पाणी बाहेर न जाण्याची आणि मशीन नाचण्याची गोष्ट त्या मानानं लहान. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात एक झाकण असतं. त्यामागच्या छोट्या नळीतून साचलेलं पाणी परातीत काढून घ्यावं, मग गोल फिल्टर डावीकडे फिरवून काढावा. नाणी, ब्लाउजचे हूक, पिना, बाळाचा हरवलेला मोजा असा ऐवज तिथे निघतो. आत बोट घालून पंपाचं पातं फिरवलं आणि ते अडखळत, झटक्याझटक्यानं फिरलं तर घाबरू नये. आतल्या चुंबकामुळे ते तसंच फिरतं. पाणी भरतंय पण टिकत नाही, अशी उलटी तक्रार असेल तर ड्रेन पाइप जमिनीवर लोळतोय किंवा भिंतीतल्या पाइपात फार खोल खुपसलाय, एवढं पाहावं. आणि नाचणं? ड्राय बाल्कनीच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे उतार द्यावाच लागतो, त्यामुळे मशीन ठेवलं तेव्हापासून तिरकंच असतं. चारही पाय लेव्हल लावून बसवून त्यांचे नट घट्ट करणं हे कोणी तरी करायचं राहिलेलं असतं. नवं मशीन पहिल्याच दिवशी धडधडलं तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढलेत का ते आधी पाहा.

आता आक्षेप. हे काम घरच्या माणसाचं नाही, विजेच्या यंत्राला हात लावू नये, वॉरंटी जाते, असं म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. मागचं कव्हर उघडणं, वायर जोडणं, सेमी-ऑटोमॅटिकचा कपॅसिटर काढणं हे मेकॅनिकचंच काम. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी वापर थांबवून आधी घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. पण जाळी, फिल्टर, पाय आणि पाइप यांना हात लावायला कंपनीचीच पुस्तिका सांगते. त्यानं वॉरंटी जात नाही. ती पुस्तिका आपण मशीनच्या खोक्यासोबत रद्दीत देतो, हा भाग वेगळा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळा दोष पाण्यावर ढकलला की कंपन्या आयत्याच सुटतात. वॉरंटीच्या अटींत जड पाण्यामुळे झालेलं नुकसान वगळायचं, आणि विकताना मात्र पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा व्यवहार सरळ नाही. दुकानात मशीनवर विजेच्या बचतीचे तारे ठळक दिसतात. किमान दाब आणि चालणारा जडपणा हे दोन आकडे तेवढ्याच ठळकपणे का दिसू नयेत? केंद्र सरकारनं 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. तपकीर गल्लीत विजेचा कुठलाही भाग शोधून आणणाऱ्या या शहराला तो समजावून सांगावा लागणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली तीही इथेच. पण सुटा भाग हाती येऊन उपयोग काय, जर तोच भाग त्याच पाण्यानं दोन वर्षांत पुन्हा जाणार असेल? कंपनीला जाब विचारायलाही आपल्या पाण्याचा आकडा हातात असावा लागतो. तो नसेल तर ‘तुमचं पाणीच खराब’ या एका वाक्यावर ग्राहक गप्प होतो.

काही सोसायट्यांनी सगळ्या इमारतीसाठी सॉफ्टनर बसवले आहेत. तो उपाय चालतो, पण फुकट नाही. सॉफ्टनर कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, अधूनमधून त्याला मिठाचं पाणी द्यावं लागतं, आणि धुऊन निघालेलं ते खारट पाणी सांडपाण्यात जातं. सांडपाणी शुद्ध करून बागेला घालणाऱ्या सोसायटीनं याचा विचार आधी करावा. 150, 200 जडपणाच्या पाण्यासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. 500च्या वर असेल तर आहे. पुन्हा प्रश्न आकड्याशीच येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं राज्याचं मुख्यालय शिवाजीनगरला आहे, पाणी तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळाही शहरात आहेत. वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास घालवणाऱ्या समितीनं तपासणीचा विषय पाच मिनिटांत मंजूर करावा. एक नमुना मे महिन्यातला, एक पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमधला, आणि टँकर येत असेल तर त्याचा वेगळा, कारण टँकर आज एका विहिरीवरून येतो आणि उद्या दुसऱ्या. नमुना पंपहाऊसमधून घेऊ नये. तो कुठल्याही एका फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीतल्या नळाचा घ्यावा.