एकाच कांद्याला दोन मापे

कांद्याचा भाव पडला की येवला, मनमाड, लासलगाव, मालेगावच्या बाजारपेठेत त्याची झळ लगेच पोहोचते. बागवानाचा व्यवहार मंदावतो, शिंप्याकडे लग्नसराईचे काम येत नाही, मोटार-पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या वहीत उधारी वाढते. म्हणून कांदा उत्पादकाला मिळणारी सरकारी मदत हा एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे, असे आम्ही मानत नाही. मदत किती मिळाली याइतकेच ती कोणत्या मापाने मोजून दिली, हेही पाहिले पाहिजे.

2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो, लाल कांदा टिकत नाही. मिळेल त्या भावात विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. क्विंटलला 600 रुपये अनुदान मागत दिंडोरीहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा वासिंदपर्यंत गेला. सरकारने आधी 300 व मग 350 रुपये जाहीर केले, तेही एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत. म्हणजे मोठ्यात मोठी रक्कम 70,000 रुपये. त्यात सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची अट आली आणि कागदपत्रांतच महिने गेले.

खरी नाराजी पुढे झाली. सप्टेंबर 2023 मध्ये वाटप सुरू झाले तेव्हा ज्या जिल्ह्यांची एकूण मागणी 10 कोटींच्या आत होती, अशा 14 जिल्ह्यांना पूर्ण रक्कम देण्याचे ठरले. मागणी 10 कोटींच्या वर असलेल्या 10 जिल्ह्यांना मात्र पहिल्या टप्प्यात निम्म्याच्या आसपासच रक्कम आली. नाशिक, अहमदनगर, सोलापूर, पुणे हे कांद्याचे जिल्हे या दुसऱ्या यादीत होते. बुलढाण्याच्या शेतकऱ्याने 100 क्विंटल विकले तर त्याचे 35,000 एकदम. तेवढेच नाशिकच्या शेतकऱ्याने विकले तर त्याने पुढच्या हप्त्याची वाट पाहायची. जिथे पीक जास्त तिथे नुकसान जास्त, आणि तिथेच मदत अर्धी व उशिराची! बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा येथे काही दोष नाही. त्याला मिळाले ते त्याच्या हक्काचेच होते.

केंद्राच्या निर्यात धोरणातही हेच झाले. 19 ऑगस्ट 2023 रोजी कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले. सुमारे सहा आठवड्यांतच कर्नाटकातील बंगलोर रोझ कांद्याला त्यातून सूट मिळाली. 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. 25 एप्रिल 2024 रोजी गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची मुभा मिळाली, तेव्हा नाशिकचा उन्हाळ कांदा बंदीतच अडकलेला होता. ओरड झाल्यावर 4 मे रोजी बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क व टनाला 550 डॉलर किमान दराची अट राहिली. शुल्क पूर्णपणे जाण्यास 1 एप्रिल 2025 उजाडला.

कोणी म्हणेल, सगळ्या भागांना सारखेच द्यावे असा नियम कुठे आहे? मागासलेल्या भागाला अधिक दिलेच पाहिजे. आम्हांसही ते मान्य आहे. विभागीय अनुशेष मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमली गेली आणि 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ती याच न्यायाने. परंतु 10 कोटींची रेघ मागासलेपण पाहून ओढलेली नव्हती. अर्धी रक्कम मिळालेल्या यादीत बीड व धुळ्यासारखे दुष्काळाने पिचलेले जिल्हेही होते. ही रेघ केवळ तिजोरीच्या सोयीची होती.

अशा वेळी शेतकऱ्याचा राहिलेला हप्ता प्रत्यक्षात कोण सोसतो? खत-बियाण्यांचा दुकानदार, किराणावाला, कापडवाला, लोहार, सुतार सोसतो. सरकारची थकबाकी आपल्या वहीत उधारी होऊन बसते आणि तिच्यावर कोणतेही अनुदान मिळत नाही. 20 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2023 या काळात नाशिकच्या कांदा व्यापाऱ्यांनी शुल्काविरुद्ध लिलाव बंद ठेवले. मागणी रास्त होती. पण बाजार बंद झाला की पहिला मार शेतकऱ्याला, हमालाला आणि टेम्पोवाल्याला बसतो. व्यापारी व शेतकरी यांनी एकत्र जाऊन बोलणे हाच अधिक चांगला मार्ग आहे.

काय मागावे? आमच्या मते तीन गोष्टी. अनुदान क्विंटलवर मोजायचे असेल तर ते सगळ्या जिल्ह्यांत एकाच प्रमाणात द्यावे; तिजोरीत पैसा कमी असेल तर कपातही सर्वांना सारखी असावी. निर्यातीची सवलत एखाद्या राज्याच्या वाणाला दिली तर त्याच काळात बाजारात असलेल्या इतर कांद्याचाही विचार व्हावा. आणि निर्यातीचे धोरण लागवडीपूर्वी जाहीर व्हावे, काढणीनंतर नव्हे.

आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पुरे माप आणि दुसऱ्याला अर्धे दिले, तर पेठेत आपली पत राहील काय? मापात पाप नको, हा बाजाराचा जुना नियम आहे. तो सरकारलाही लागू पडतो, आणि हे सांगण्याचा अधिकार रोज तराजू हातात धरणाऱ्यांना नक्कीच आहे. तालुक्याच्या व्यापारी संघटनांनी आणि बाजार समित्यांवरील आपल्या प्रतिनिधींनी तो आता वापरावा.