वायंडिंग जळले म्हणून मोटार फेकत नाहीत

विहिरीतली मोटार जळली की महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा शेतकरी ती भंगारात घालत नाही. वायंडिंग भरून घेतो, बेअरिंग गेले असेल तर तेवढे बदलतो आणि तीच मोटार पुन्हा पाण्यात सोडतो. हा हिशेब त्याला कुणी शिकवावा लागत नाही. संगणक मात्र अडखळू लागला की गावोगावच्या ऑनलाइन सेवा केंद्रांत, शाळांत आणि घरांत एकच सल्ला मिळतो : आता नवा घ्या. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. डेस्कटॉप संगणक काही एकसंध वस्तू नव्हे, ती सुट्या भागांची जुळणी आहे. कालबाह्य होतात ते मदरबोर्ड, प्रोसेसर आणि कधी रॅम. मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस, एसएसडी आणि चांगल्या प्रतीचा एसएमपीएस पुढेही कामाला येतो. म्हणून जे थकले आहे तेवढेच बदलावे आणि बाकीचे राखावे, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे.

हा प्रश्न आज निकडीचा झाला, कारण 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय आणि ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे 2017 च्या सुमाराचे, अजून धडधाकट असलेले असंख्य संगणक एका निर्णयाने ‘अपात्र’ ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या केवळ 22.3 टक्के कचऱ्याच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. चालू मॉनिटर आणि पत्र्याची शाबूत पेटी या ढिगात टाकण्याचे काहीही कारण नाही.

यावर पहिला आक्षेप असा की जुने-नवे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. तो निराधार नाही, पण नेमके काय जुळत नाही हे आधी पाहता येते. डीडीआर3 रॅमची खाच डीडीआर4 च्या जागेत बसतच नाही. मात्र घरात डीडीआर4 असेल आणि मदरबोर्ड तीच रॅम घेणारा निवडला, तर ती वाचते. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता ही बचत लहान नाही. जुन्या स्वस्त एसएमपीएसला प्रोसेसरसाठी चार पिनांचीच वायर असते, नव्या बोर्डाला बहुधा आठ पिनांची लागते. अशा वेळी एसएमपीएसही बदलावा, तिथे काटकसर नको. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला असू शकतो, म्हणून तो खर्चही आधीच धरावा. दुसरा आक्षेप वॉरंटीचा. नव्या बोर्डाला आणि बॉक्समधल्या प्रोसेसरला त्यांची स्वतंत्र वॉरंटी असते. पक्के बिल तेवढे घ्यायला हवे. हे सगळे धरूनही बेरीज नव्या संचाएवढी झाली, तर खुशाल नवा घ्यावा. पण बेरीज आधी मांडावी.

खरी अडचण उत्पादकांच्या बाजूला आहे. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरला संपर्कबिंदू सारखेच, 1151. तरीही सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. उलट एएमडीचे एएम4 सॉकेट 2017 च्या पहिल्या रायझनपासून 2022 च्या रायझनपर्यंत कायम राहिले. म्हणजे ठरवले तर टिकाऊ रचना करता येते. अनेक ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तर बोर्डाचा आकार आणि एसएमपीएसचे कनेक्टरही त्या कंपनीपुरतेच असतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेती अवजारे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दोन्ही त्यात आहेत. पण माहिती देणारे पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. शाळा आणि ग्रामपंचायतींच्या खरेदीत प्रमाणित आकाराचे, बदलता येणारे भाग असलेलेच संगणक घ्यावेत, ही अट सरकार आजच घालू शकते.

खेड्यात हे करणार कोण, असा शेवटचा प्रश्न येतो. फुलसावंगीत हुशार हातांची वाण नाही. ऑगस्ट 2021 मध्ये स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत प्राण गमावलेला तरुण वेल्डर याच गावचा. त्या दुःखद घटनेने दाखवून दिले की कौशल्य आहे, उणीव आहे ती प्रशिक्षणाची आणि पाठबळाची. मदरबोर्ड बदलणे हे त्या मानाने सुरक्षित आणि शिकता येण्याजोगे काम आहे : वीज तोडायची, सॉकेटमधल्या केसासारख्या पिनांना बोट लागू द्यायचे नाही, प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि वर तुरीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअरचा अभ्यासक्रम आहेच. तो शिकलेल्या मुलाला पुसद-उमरखेडच्या बाजारपेठेत आणि गावातही यातून रोजगार मिळू शकतो. म्हणून संगणक भंगारात देण्याआधी आतला डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, पेटी उघडायला लावा आणि नेमके काय थकले आहे ते विचारा. मोटारीच्या बाबतीत आपण हेच करत आलो आहोत.