बाकड्याचं सिंहासन

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला तळकोकणात जत्रा सुरू होतात. देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा दशावताराचा खेळ उभा राहतो. मागे एक पडदा, कडेला हार्मोनियम, मृदंग आणि झांज, मधोमध एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन होतं, ऋषी बसला की आसन, वनवासातली राणी टेकली की रानातला दगड. आजीच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरापासून पुढे बसलेल्या मानकऱ्यांपर्यंत कुणालाही त्यात काही खटकत नाही.

त्याहून मोठं नवल डोळ्यांना दिसत नाही. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कंपनी गावात पोचते, आख्यान ठरतं, कुणाचा पार्ट कुठला ते वाटून दिलं जातं, कथा कुठून कुठे जायची एवढं सांगितलं जातं. मग पहाटेपर्यंत जे बोललं जातं, ते त्या त्या क्षणी सुचलेलं असतं. समोरच्या नटाने आज वेगळाच सवाल टाकला, तर त्याचं उत्तरही आजच घडवायचं. पूर्वरंगात काळ्या वेशातला संकासुर मालवणीत भटजीची फिरकी घेतो, तीही समोरचं गाव बघून.

अशी माणसं मंचाबाहेरही असतात. बेत फिसकटला तरी त्यांचा चेहरा पडत नाही. अनोळखी घरात ती दहा मिनिटांत रुळतात, गाडी चुकली तर स्टेशनवरच कुणाशी तरी गप्पा रंगवतात. त्यांच्याकडे बघून इतर म्हणतात, ‘त्याचा स्वभावच तसा.’ या वाक्यात कौतुक असतं, तशी सुटकाही असते. तो स्वभावाने तसा, आपण स्वभावाने असे, म्हणजे शिकण्यासारखं काही उरलंच नाही. दशावतारी नट या समजुतीला सरळ छेद देतो. त्याचं आयत्या वेळचं बोलणं वर्षानुवर्षांच्या तयारीतून येतं. पुराणातल्या कथा त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. धाकट्या भूमिका करताना ज्येष्ठांचे संवाद कानावर पडून मुरलेले असतात. कुठे पद घ्यायचं, युद्धाला कधी उभं राहायचं, रडणाऱ्या नायिकेला किती वेळ द्यायचा, हे सगळं अंगात भिनलेलं असतं. शब्द तेवढे मोकळे सोडलेले असतात.

मराठी नाटकाचा आरंभही याच मोकळेपणातून झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा पदं रचलेली होती आणि ती सूत्रधार म्हणत असे. पात्रांची भाषणं बहुतांशी नटांनी प्रसंग ओळखून उत्स्फूर्त करायची होती. पुढे १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं आणि आधी लिहून काढलेली, वाक्यावाक्याने बांधलेली नाटकं रुळली. त्या काळी त्यांना ‘बुकिश नाटकं’ म्हणत. या लिखित नाटकांनी मराठी रंगभूमीला फार मोठं वैभव दिलं, त्याबद्दल वाद नाही. पण तो शब्द आज नाटकापेक्षा आपल्या जगण्याला जास्त लागू पडतो.

आपलं जगणं बुकिश झालं आहे. मुलाची शाळा कोणती, क्लास कोणता, शाखा कोणती, नोकरी कितव्या वर्षी, घर कितव्या वर्षी, याची संहिता मूल बोलायला लागण्याआधी तयार असते. त्या वहीतलं एक पान हरवलं की सगळं घर गोंधळतं. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत याची सर्वांत दुखरी बाजू दिसते. गावाकडून आलेली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांसाठी उमेदीची चार-पाच, कधी त्याहून जास्त वर्षं तिथे काढतात. जागा शेकड्यांत आणि उमेदवार लाखांत, हे गणित सर्वांना पाठ असतं. तरीही ‘हे नाही झालं तर काय?’ हा प्रश्न घरात मोठ्याने विचारणं अशुभ मानलं जातं. या मुलांची मेहनत कमी पडत नाही. त्यांच्या हाती एकच संहिता दिली जाते आणि ती मिटली तर पुढचं वाक्य स्वतः बोलता येतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

ते शिकता येतं याचा भरभक्कम पुरावा मराठी माणसाच्या अगदी जवळच्या क्षेत्रात आहे. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते. तिच्यावर तासभर जे उभं राहतं ती उपज. गायक राग मोडत नाही, ताल सोडत नाही, पण त्या चौकटीत पुढची जागा कशी घेणार हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. तबलजी ऐकत असतो, गायक तबला ऐकत असतो, दोघं समेवर भेटतात. ही मोकळीक मिळवायला आधी अनेक वर्षं पलटे घोटावे लागतात.

कुमार गंधर्वांच्या आयुष्यात ही उपज मैफलीच्या बाहेर आली. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच देशभर नावाजला गेला, मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकला. ऐन विशीत क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी ते माळव्यातल्या देवासला गेले. गायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. पत्नी भानुमती यांनी घर आणि शुश्रूषा दोन्ही सांभाळलं. पुढची काही वर्षं श्वास हेच ज्याचं भांडवल, असा गायक खाटेवर पडून होता.

त्या खाटेवरून त्यांनी माळवा ऐकला. दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, भजनं म्हणत फिरणारे, लग्नाच्या आणि ऋतूंच्या धुना. स्वतः गाता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी ऐकण्याचंच काम केलं. नव्याने उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. १९५० च्या दशकात ते मैफलीत परतले तेव्हा जुना गळा परत मिळवण्याच्या मागे लागले नाहीत. लांबलचक पल्ल्याच्या ताना घेण्याएवढा दम नव्हता, तर लहान, टोकदार, विजेसारखे चमकून जाणारे स्वरसमूह आले, आणि दोन स्वरांमधली शांतता गाण्याचा भाग झाली. खाटेवर ऐकलेल्या धुनांतून ‘धुनउगम’ राग जन्मले, माळव्याच्या लोकगीतांचे कार्यक्रम झाले, निर्गुणी भजनं घराघरांत पोचली. आजाराने त्यांना मोठं केलं असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. आजाराने फक्त हिरावलं. जे उरलं होतं त्याच्याकडे त्यांनी पूर्ण लक्ष दिलं, आणि नवं गाणं त्या लक्षातून आलं.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनाही या विषयाने खुणावलं आहे. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राऊन यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात छोटा कीबोर्ड देऊन आधी पाठ केलेली आणि मग आयत्या वेळी सुचेल ती धून वाजवायला सांगितली. उत्स्फूर्त वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातली, स्वतःवर सतत पहारा ठेवण्याशी जोडलेली काही केंद्रं शांत झाली, तर स्वतःला व्यक्त करण्याशी जोडलेलं एक केंद्र जास्त काम करू लागलं. सहाच वादक होते आणि सगळे कसलेले, त्यामुळे यातून सरसकट नियम काढता येत नाही. तरी ‘लोक काय म्हणतील’ हा पहारेकरी आत सतत जागा असेल तर नवं काही सुचत नाही, हा प्रत्येकाचा अनुभव या प्रयोगाशी जुळतो.

दुसरा अभ्यास अधिक मोलाचा आहे, कारण तो कलावंतांचा नाही, साध्या विद्यार्थ्यांचा आहे. कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये नुकत्याच कॉलेजात आलेल्या मुलांची पाहणी केली. भावना मोकळेपणाने दाखवणं आणि प्रसंगी ती आवरणं, ही दोन्ही कौशल्यं तपासली. ज्यांना दोन्ही जमत होती, ती मुलं दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला कमी त्रासात होती. नेहमी मन मोकळं करावं, असा सल्ला आज सगळीकडे मिळतो. नेहमी मन आवरावं, असा आधीच्या पिढीचा सल्ला होता. त्या मुलांना तारलं ते प्रसंग ओळखून यातलं एक निवडण्याच्या क्षमतेने. तोंडाला येईल ते बोलणाऱ्याला आपण उत्स्फूर्त म्हणतो, तेव्हा चूक करतो. तो समोरच्याकडे बघतच नसतो.

इथे एक रास्त तक्रार ऐकून घ्यायला हवी. ‘आयत्या वेळी बघू’ म्हणणाऱ्या माणसाचं ओझं बहुतेक वेळा दुसरं कुणी तरी वाहतं. रात्री नऊ वाजता चार मित्रांना जेवायला घेऊन येणारा गृहस्थ चारचौघांत दिलदार ठरतो. घरात भाजी संपलेली असते. त्याची बायको डाळीचं पीठ काढते, कांदा चिरते, मिरची-लसूण फोडणीला टाकते आणि वीस मिनिटांत पिठलं-भात पानात पडतो. या प्रसंगात उत्स्फूर्त कोण होतं? ज्याच्या लहरीची किंमत दुसऱ्याने मोजली तो नव्हे. हातात आहे तेवढ्यात, समोरच्यांची भूक ओळखून जिने वाट काढली ती. मराठी घरांतल्या बायकांच्या या रोजच्या उपजेला आपण कधी व्यक्तिमत्त्वाचा गुण म्हटलंच नाही, कर्तव्य म्हणून मोकळे झालो.

हाच अन्याय मोठ्या प्रमाणावरही होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, हात धरून साखळ्या केल्या, बिस्किटं आणि चहा वाटला. कुणी आदेश दिला नव्हता, कुणाकडे योजना नव्हती. पण ‘मुंबईचं स्पिरिट’ या दोन शब्दांचा पुढे इतका वापर झाला की नाले, नद्या आणि भराव यांबद्दलचे प्रश्न त्याखाली झाकले जाऊ लागले. माणसं जुळवून घेतात म्हणून त्यांच्यावर काहीही लादायचं, हे मान्य करता कामा नये. लवचीक असण्यात ‘हे चालणार नाही’ म्हणणंही येतं. दशावतारातला नटही समोरच्याचं प्रत्येक म्हणणं मान्य करत नाही. सवालाला उलट सवाल करतो, आणि खेळ त्यानेच पुढे जातो.

मग शिकायचं काय? सर्वांत आधी ऐकणं. उत्स्फूर्त माणूस फार बोलतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो इतरांपेक्षा नीट ऐकत असतो. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये त्या दिवसाच्या राजकारणावर नवी वाक्यं टाकत आणि रोजचा प्रयोग वेगळा होई. मागे वसंत सबनीसांनी रचलेलं वगनाट्य भक्कम उभं होतं, आणि त्या दिवशी लोकांच्या मनात काय चाललं आहे याकडे कोंडक्यांचे कान लागलेले असत. दोन्हींपैकी एक नसतं तर ती बतावणी पोकळ झाली असती.

दुसरं, चुकण्याला जागा देणं. शाळांमध्ये पाठ केलेल्या भाषणांना बक्षिसं मिळतात, मार्गदर्शकातला निबंध उतरवणाऱ्याला चांगले गुण मिळतात. महाविद्यालयांत मात्र चिठ्ठी उचलून दोन मिनिटांत बोलायच्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा होतात. त्या शाळेच्या प्रत्येक वर्गात, बक्षिसाशिवाय, आठवड्यातून एकदा का होऊ नयेत? मूल अडखळेल, विषय सोडेल, मध्येच हसेल. अडखळल्यावर पुढचं वाक्य सापडतं, हे त्याला दहाव्या वर्षी कळलं, तर विसाव्या वर्षी निकालाच्या यादीत नाव नसलेल्या दिवशी ते आठवेल. घरातही आठवड्याचा एक रविवार कुठलाही क्लास, समारंभ, बेत न ठरवता मोकळा ठेवता येईल. कंटाळा येईल, आणि कंटाळलेली मुलं खेळ शोधून काढतात.

आखून जगणाऱ्यांनी आपली वही फेकून द्यावी, असं इथे कुणी सुचवत नाही. बंदिशीशिवाय उपज नाही. ज्यांना वेळापत्रकात निवांत वाटतं, त्यांच्यामुळेच रुग्णालयं चालतात, रेल्वे धावते, पगार वेळेवर होतात. त्यांनी उद्याच्या पानावर काही ओळी कोऱ्या ठेवल्या आणि त्या भरायला समोर येणाऱ्या माणसाला थोडी जागा दिली, एवढंही पुष्कळ होईल. मोकळ्या वृत्तीच्या माणसांनीही आपल्या आयत्या वेळच्या बेतांचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडतं ते एकदा बघावं आणि स्वतः कांदा चिरायला बसावं.

जत्रेच्या गावात उजाडायला लागतं तेव्हा खेळ आटोपलेला असतो. रात्रभर राजा असलेला माणूस खोबरेल लावून तोंडावरचा रंग उतरवतो. मुकुट आणि शस्त्रं पेटाऱ्यात जातात. बाकडं ज्याच्या अंगणातून आणलं होतं त्याच्याकडे परत पोचतं आणि त्यावर कुणी तरी चहाचा कप घेऊन टेकतो. कंपनीची गाडी पुढच्या गावाच्या रस्त्याला लागते. तिथलं आख्यान अजून ठरलेलं नसतं, आणि गाडीतली माणसं निवांत झोपलेली असतात.