तंबूतली मास्तरीण

मैत्रिणींनो, तासाभरात घर सोडायचं झालं तर तुम्ही काय उचलाल? मी मनाशी यादी केली: पाटल्या, बँकेचं पुस्तक, मुलांचे स्वेटर. (नवा मिक्सरसुद्धा आठवला, खोटं कशाला सांगू!) सीरियातल्या दरा इथल्या मुझून अल्‌मेलेहान या मुलीनं शाळेची पुस्तकं उचलली. साल 2013. गावात लढाई पेटलेली. आईवडील, भावंडांबरोबर ती सरहद्द ओलांडून जॉर्डनमधल्या झातारीच्या निर्वासित छावणीत आली. वडील शिक्षक.

छावणी कसली, तंबूंचं नि पत्र्याच्या खोल्यांचं शहरच ते. त्या वर्षी तिथं लाखावर माणसं होती. शाळा होती, पण मुली एकेक करून गळत होत्या. कारण तुम्ही ओळखलंच असेल: लग्न! 2013 मध्ये जॉर्डनमध्ये नोंदलेल्या सीरियन लग्नांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात नवरी अठराच्या आतली होती. त्या आईबापांना दुष्ट म्हणवत नाही हो. जवळचा पैसा संपलेला, काम मिळेना, तंबूला कडी नाही आणि घरात वयात आलेली पोर. लग्नाला तिकडं ‘सुत्रा’ म्हणतात, म्हणजे पोरीवरचं पांघरूण.

मुझून तंबूतंबूंतून हिंडू लागली. आधी मुलींशी बोलायची, मग त्यांच्या आईबापांशी. पोरीचं खरं पांघरूण शिक्षण, एवढाच तिचा मुद्दा. पुढं 2015 मध्ये हे कुटुंब इंग्लंडला न्यूकॅसलला गेलं आणि 2017 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती युनिसेफची सदिच्छादूत झाली. निर्वासितांपैकी हा मान मिळालेली ती पहिलीच. पण मला खरं अप्रूप त्या मानाचं नाही. स्वतःचंच घर गेलेली शाळकरी पोर परक्या बापासमोर बसून ‘हिचं लग्न करू नका’ म्हणते, त्याचं आहे.

कारण मला ते जमलं नव्हतं. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीची आई पेढे घेऊन आली. म्हणाली, “बाई, स्थळ चालून आलंय. लग्न अठरा झाल्यावरच करू, पण आता शाळा पुरे.” मुलगी दाराशी उभी होती, माझ्याकडे बघत. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा, असा विचार करून मी पेढा तोंडात टाकला. दुसऱ्या दिवसापासून तिचा बाक रिकामा.

तिची धाकटी बहीण यंदा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्या घरी जायचं ठरवलंय. ‘हे’ म्हणाले, “जा, पण जपून बोल.” काय बोलायचं ते अजून जुळवतेच आहे. तुमच्यापैकी कुणी असं बोलून पाहिलं असेल, तर सुरुवात कशी केली, तेवढं मला जरूर कळवा.