घड्याळाला झडप मिळाली, पाणबुड्याला?

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत माझा एक जुना विद्यार्थी शेजारी बसला होता. आता तो एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहे. त्याच्या मनगटावर पोलादी, जाडजूड घड्याळ होते आणि तबकडीवर 300 मीटर हा आकडा होता. इतक्या खोल पाण्यातही हे बंद पडत नाही, असे त्याने मला अभिमानाने सांगितले. जेवण आटोपल्यावर आम्ही हात धुवावयास उठलो, तेव्हा या गृहस्थाने ते घड्याळ काळजीपूर्वक उतरवून खिशात ठेवले आणि मगच नळाखाली हात धरला. पोहता येते काय, असे मी विचारले. "नाही सर, कधी वेळच मिळाला नाही," असे उत्तर आले.

हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट आहे. परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाची खोड अशी की, वस्तू दिसली की तिच्या मागची माणसे दिसू लागतात. या घड्याळामागची माणसे फार थोड्यांना ठाऊक आहेत, म्हणून हा प्रपंच.

पाण्याखाली घालावयाचे घड्याळ हे मुळात कष्टाचे आणि जोखमीचे हत्यार होते. 1953 मध्ये फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांच्या मागणीवरून ब्लांपँ या स्विस कारखान्याने 'फिफ्टी फॅदम्स' नावाचे घड्याळ बनविले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे 91 मीटर. रोलेक्सचे 'सबमरिनर' याच काळातले, आणि प्रारंभी तेही 100 मीटरांचेच होते. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. या दाबाखाली श्वासावाटे घेतलेला वायू रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस घाईने वर आला की, बाटलीचे बूच काढताच सोडावॉटर फसफसावे तसा तो वायू शरीरात बुडबुडे धरतो. सांधे आखडतात, पाठीचा कणा निकामी होतो, मरणही येते. म्हणून पाणबुड्याच्या दृष्टीने किती खोल गेलो याइतकेच किती वेळ राहिलो हे महत्त्वाचे, आणि वर किती सावकाश यावयाचे हे सर्वांत महत्त्वाचे. 2014 मध्ये इजिप्तच्या अहमद गाब्रने पाठीवरच्या टाक्यांच्या साहाय्याने 332 मीटरांपर्यंत बुडी मारली. उतरावयास त्याला पाव तासही लागला नाही. वर यावयास तेरा तासांहून अधिक लागले!

घड्याळाच्या तबकडीभोवती आकडे कोरलेली एक कडी असते, ती या वेळेच्या हिशेबासाठीच. पाण्यात शिरताना तिची खूण मिनिटकाट्यापाशी आणावयाची, म्हणजे किती मिनिटे गेली ते नजरेसरशी कळते. ही कडी एकाच दिशेने, उलटी फिरते. धक्का लागून ती सरकलीच, तर गेलेला वेळ आहे त्याहून अधिक दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. म्हणजे पाणबुड्या लवकर वर निघेल, उशिरा नव्हे. चूक व्हावयाचीच असेल तर ती माणसाच्या जिवाच्या बाजूने व्हावी, असे हे साधे तत्त्व त्या लहानशा कडीत कारागिरांनी गोठवून ठेवले आहे. मला त्या घड्याळात आदर वाटावा असे काही असेल तर ते हेच, आणि त्याची किंमत चार पैशांचीही नाही. आज जपानी बनावटीच्या स्वस्त घड्याळातही अशी कडी मिळते.

आता झडपेची कथा. साठच्या दशकात समुद्रतळाशी तेल आणि वायू काढण्यास जोर आला. रोज पाणबुड्याला वरखाली करीत बसणे कंपन्यांना परवडेना. म्हणून त्यास जहाजावरील दाबकोठीत आठवडेच्या आठवडे त्याच दाबाखाली ठेवावयाचे, तेथून बंद घंटेतून तळाशी न्यावयाचे आणि कामाची मुदत संपल्यावर एकदाच सावकाश दाब उतरवावयाचा, अशी पद्धत निघाली. ढोबळ हिशेब असा की, दर 30 मीटरांस एक दिवस आणि वर आणखी एक. कोठीतील हवेत हेलियम असतो. त्याचे अणू इतके सूक्ष्म की ते घड्याळाच्या बंद डबीतही शिरतात, आणि दाब उतरू लागला की बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने काच उडवून देतात. यावर उपाय म्हणून डबीच्या कडेला एक बारीक झडप बसविण्यात आली. 1967 च्या रोलेक्स 'सी-ड्वेलर' या घड्याळाशी तिचे नाव जोडले गेले. डॉक्सा कारखान्यानेही त्याच सुमारास ती वापरली. पुढे फ्रान्समधील मार्सेयच्या कॉमेक्स या बुडी-कंपनीच्या पाणबुड्यांना रोलेक्सने घड्याळे पुरविली. कॉमेक्सचे नाव छापलेली ती घड्याळे आज लिलावात प्रचंड किमतीला जातात. ज्यांनी ती कोठीत घालून हाडे झिजविली त्यांच्या गुडघ्याखांद्यांना असा भाव कोणत्याही लिलावात येत नाही.

घड्याळाच्या काचेची चिंता वाहिली गेली. माणसाच्या कोठीची? 5 नोव्हेंबर 1983 रोजी उत्तर समुद्राच्या नॉर्वेजियन भागात, 'बायफर्ड डॉल्फिन' या तेलफलाटावर चार पाणबुडे दाबकोठीत होते आणि आतला दाब नऊ वातावरणांचा होता. कोठीचे दार पुरते लागण्यापूर्वीच घंटेचा जोड उघडला गेला. क्षणात दाब नऊवरून एकावर आला. चौघे पाणबुडे आणि बाहेर काम करणारा त्यांचा एक सहकारी असे पाच जण जागच्या जागी ठार झाले. दुसरा सहकारी गंभीर जखमी झाला. आत दाब असताना जोड उघडूच नये, असा अटकाव त्या यंत्रणेत नव्हता. मनगटावरच्या कडीला उलट जाण्याची मुभा नाही, आणि ज्या पोलादी पिंपात माणसे झोपत, जेवत होती त्याच्या दारास साधा अटकाव नाही! माणसाची चूक झाली, असे म्हणून प्रारंभी हात झटकण्यात आले. परंतु माणूस चुकणार हे घड्याळ बनविणाऱ्यास कळते, आणि तेलाचा फलाट चालविणाऱ्यास कळत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती अपघात नव्हे, ते धोरण होते. दाब किती वेगाने उतरवावयाचा, त्याची कोष्टके असतात. उत्तर समुद्रात काम मिळविण्यासाठी चढाओढ करणाऱ्या कंपन्यांनी आपापली कोष्टके व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवली. दाब उतरविण्यास लागणारा वेळ म्हणजे मालकाच्या लेखी फुकट गेलेला वेळ. जो तो लवकर उतरवील त्यास कंत्राट. ज्याच्या रक्तात तो वायू विरघळला होता, त्यासच आपण किती घाईने वर काढले जात आहोत हे कळावयाचे नाही. पुढे अनेकांच्या मेंदूवर, फुप्फुसांवर, हाडांवर त्याचे परिणाम दिसले. काही जुन्या पाणबुड्यांनी आपल्याच सरकारविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली, आणि डिसेंबर 2013 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की, या कोष्टकांतील धोक्याची अत्यावश्यक माहिती पाणबुड्यांना मिळेल याची खबरदारी न घेऊन नॉर्वेच्या राज्याने त्यांच्या हक्काचा भंग केला. नॉर्वे हे आम्ही समाजवादी मंडळी उठल्याबसल्या ज्याचा दाखला देतो ते कल्याणकारी राज्य, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. तेलाच्या पैशाची घाई लागली की कल्याणकारी राज्याचाही डोळा लागतो.

आणि याच काळात घड्याळ कोठे पोहोचले? 1960 मध्ये पिकार्ड आणि वॉल्श 'त्रिएस्त' या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, 10,900 मीटरांहून खोल उतरले, तेव्हा रोलेक्सचे एक घड्याळ यानाच्या बाहेर बांधलेले होते. 2012 मध्ये जेम्स कॅमेरॉन गेला तेव्हा ते यानाच्या यांत्रिक हातावर होते. 2019 मध्ये ओमेगाचीही वारी अशीच यानाबरोबर झाली. मनगट कोठेच नव्हते. असते तर चौरस सेंटिमीटरला टनाहून अधिक अशा दाबाखाली मनगट उरले नसते. माणसाच्या देहाची धाव किती, ते कॉमेक्सनेच दाखविले आहे. 1988 मध्ये खुल्या समुद्रात 534 मीटर, आणि 1992 मध्ये प्रयोगशाळेतील कोठीत 701 मीटर. हौशी पाणबुड्यांची शिस्त 40 मीटरांशी थांबावयास सांगते. असे असता 2022 मध्ये 11,000 मीटरांचे घड्याळ सुमारे 26 हजार डॉलरांस विक्रीला आले. तबकडीवरची काच साडेनऊ मिलिमीटर जाड, आणि कडेला हेलियमची ती झडपही आहे! ज्या गिऱ्हाईकास दाबकोठी म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्याच्यासाठी झडप. सातशे मीटरांपुढच्या प्रत्येक मीटरची सीमांत उपयोगिता शून्य आहे, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तरी किंमत चढतेच. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने 1899 मध्येच हे ओळखले होते की, रिकामटेकड्या वर्गाला वस्तू उपयोगासाठी नको असते, ती परवडते हे दाखविण्यासाठी हवी असते. व्हेब्लेनच्या पुढची पायरी अशी की, आता श्रमाची खूणच चैनीची खूण म्हणून विकली जाते. ज्यास आयुष्यात हाताला घट्टा पडला नाही, त्यास पाणबुड्याचे शौर्य मनगटावर बांधून मिळते.

खुद्द पाणबुडे आज काय वापरतात? 1983 पासून खोली आणि वेळ दोन्ही मोजून, वर येण्याचा हिशेब स्वतःच मांडणारी छोटी संगणकयंत्रे बाजारात आली, आणि बुडीच्या कामातून घड्याळ जवळजवळ निवृत्त झाले. फार तर जोडीला म्हणून ते राहते.

"कारागिरीचा तुम्हांला द्वेष आहे," असा आक्षेप येईल. मुळीच नाही. 1968 मध्ये हिरोशिमा प्रांतातील कुरे येथील एका पाणबुड्याने सेको कारखान्यास पत्र लिहून, तुमचे घड्याळ आमच्या कामास टिकत नाही, अशी तक्रार केली. कारखान्याने सात वर्षे खपून 1975 मध्ये टायटेनियमचे 600 मीटरांचे घड्याळ काढले. त्यात हेलियम शिरूच नये अशी योजना केली, म्हणून झडपेचीही गरज उरली नाही. काम करणाऱ्याने सांगावे आणि हत्यार घडविणाऱ्याने ऐकावे, असा हा दुर्मिळ व्यवहार आहे, आणि त्यास मी हात जोडतो. रोलेक्सची मालकी एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे, असेही कोणी सांगेल. असेल, त्याने 11,000 मीटरांचा आकडा खरा उपयोगी होत नाही.

हे सारे दूरदेशीचे आहे असे मानून पान उलटू नये. साठ-सत्तरच्या दशकांत विदेशी घड्याळे आपल्या किनाऱ्यावर चोरट्या होड्यांतून उतरत. आता स्वित्झर्लंडसह चार देशांशी 10 मार्च 2024 रोजी झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आला आहे, आणि स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरविण्याचे आपल्या सरकारने त्यात मान्य केले आहे. घड्याळाच्या वतीने बोलावयास वाटाघाटीत माणसे होती. 1974 मध्ये तेल लागलेल्या मुंबई हायच्या समुद्रात, सुमारे पंचाहत्तर मीटर पाण्याखाली, नळ आणि फलाटांचे पाय दुरुस्त करणाऱ्या पाणबुड्यांच्या वतीने कोण बोलते? त्यांची हाडे कामाच्या दिवसांत दुखतीलच असे नाही; दाबाने मेलेले हाड खुब्यात किंवा खांद्यात पुष्कळदा वर्षांनी उघडे पडते, तेव्हा कंत्राटही संपलेले असते आणि कंत्राटदारही.

म्हणून आपल्या पक्षाच्या उरण आणि मुंबई बंदराकडील कार्यकर्त्यांना एक काम सुचवितो. अशा एका तरी पाणबुड्याला गाठावे. आपण किती खोल, किती वेळ होतो आणि कोणत्या कोष्टकाने आपला दाब उतरविला, ही नोंद त्याच्या स्वतःच्या हाती आहे की कंपनीच्या कपाटात, हे विचारावे. काम सुटल्यानंतर त्याच्या हाडांची तपासणी कोणी आणि कोणाच्या खर्चाने करावयाची, हेही विचारावे. उत्तरे लिहून आणावीत. याच पानावर आपण ती छापू.